निद्रेची पूर्वतयारी

वर्गात पेंगणारे मूल आळशी आहे, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याची रात्र कशी जाते, याची चौकशी शिक्षकांनी करावयास हवी. सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांस 24 तासांत 9 ते 12 तास निद्रा आवश्यक असते. प्रौढांस किमान 7 तास. सकाळी 6 वाजता उठणाऱ्या मुलास रात्री 9 च्या आत झोप लागावयास हवी, हे यावरून उघड आहे.

परंतु दटावल्याने झोप येत नाही. अंधार पडू लागला की मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन हे द्रव्य स्रवू लागते व शरीर निद्रेस अनुकूल होते. मोबाइलचा वा दिव्याचा प्रखर प्रकाश या क्रियेत अडथळा आणतो. म्हणून निजण्यापूर्वी तासभर मोबाइल बाजूस ठेवावा व दिवा मंद करावा. हातपाय धुणे, अंथरूण घालणे, गोष्ट सांगणे हा क्रम रोज एकच असावा. सवयीने चुळबुळे मूलही शांत होते. संध्याकाळी मुलांस चहा देऊ नये, कारण त्यातील कॅफीनचा परिणाम कित्येक तास टिकतो.

प्रौढांसही हेच नियम लागू आहेत. सुमारे 20 मिनिटे पडूनही डोळा लागला नाही, तर उठून मंद प्रकाशात स्वस्थ बसावे व झोप येऊ लागताच पुन्हा पडावे. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ बदलू नये.

अभ्यासासाठी मुलास जागविणाऱ्या पालकांस शिक्षकांनी एवढे अवश्य सांगावे की, दिवसा शिकलेले मनात पक्के होण्याचे कार्य बऱ्याच अंशी निद्रेतच घडते.