कुऱ्हाडीचा दांडा घरी बसवताय? आधी लाकडाची कानस नीट निवडा

पावसाळ्याच्या तोंडावर घराघरांत कुदळ, खोरं, कुऱ्हाड बाहेर निघते आणि मग लक्षात येतं की दांडा हलतोय. पूर्वी सुतारमेटावर नेऊन टाकलं की काम व्हायचं. आता बऱ्याच गावांत दांडा बसवणारा सुतार राहिला नाही, आणि जो आहे तो फर्निचरच्या कामात असतो. त्यामुळे हे काम ज्याचं त्यालाच करावं लागतं. वाकस, करवत बहुतेकांच्या घरी असते. कमी पडते ती लाकडाची कानस.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी वाकसानेच दांडा तासून कुऱ्हाडीत ठोकला होता. वरून घट्ट दिसत होता, पण नेढ्यात दोनच ठिकाणी टेकला होता. बाभळीची फांदी तोडताना तिसऱ्या घावाला पातं निसटून बांधापलीकडे पडलं. त्या बाजूला तेव्हा कोणी नव्हतं म्हणून बरं. म्हणून सांगतो, हे काम छोटं समजू नका.

लोखंडाची कानस वेगळी, लाकडाची वेगळी

दुकानात नुसतं 'कानस द्या' म्हटलं तर लोखंड घासायची देतात. मलाही पहिल्यांदा तीच मिळाली होती. तिच्यावर तिरप्या बारीक रेघा असतात. लाकडावर चालवली की भुशाने लगेच भरते आणि नुसती घसरते. लाकडाच्या कानशीवर रेघा नसतात, सुटे सुटे टोकदार दात उठवलेले असतात. प्रत्येक दात लाकडाचा छोटा कण उचलतो. दुकानात 'रास्प' किंवा 'लाकडाची कानस' असं स्पष्ट सांगा आणि दात बघूनच घ्या.

कोणती घ्यावी?

शेतकऱ्याला एकच घ्यायची असेल तर अर्धगोल घ्यावी. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. सपाट बाजूने दांड्याचा बाहेरचा भाग होतो आणि फुगीर बाजूने मुठीजवळचा आत वळलेला भाग होतो. लांबी १० इंच पुरेशी आहे. ही लांबी मोजताना मागची निमुळती शेपटी धरत नाहीत, हे लक्षात ठेवा.

घेताना एवढं बघा:
- उजेडात तिरपी धरा. बोथट किंवा तुटलेल्या दातांची टोकं चमकतात.
- एका टोकाला डोळा लावून बघा, वाकडी नको.
- शेपटीच्या बुडाशी तडा नको.
- मूठ सोबत घ्या. बिनमुठीची कानस कधीच चालवू नका. अडकली तर शेपटी तळहातात घुसते.

यंत्रावर केलेल्या कानशीचे दात ओळीने असतात, त्यामुळे लाकडावर चर पडतात. हाताने दात उठवलेली कानस जास्त साफ चालते. फ्रान्समध्ये अशा कानशी आजही बनतात, पण त्या महाग असतात. आपल्या दांड्याला यंत्राची चालते, फक्त घासताना दिशा बदलत राहायची.

वापरायची कशी?

लाकूड आधी वाळलेलं हवं. ओल्या लाकडाने दात भरतात. शिवाय ओला दांडा नेढ्यात बसवला तर तो वाळून आकसतो आणि पातं ढिलं होतं. बाभूळ किंवा धामणीचं लाकूड साल काढून, जाडसर तासून सावलीत काही महिने वाळवा. रेषा दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्यात. मध्येच बाहेर निघाल्या तर दांडा तिथेच मोडतो.

दांडा शिकंज्यात किंवा बाकावर घट्ट बांधा. एका हाताने मूठ, दुसऱ्या हाताने कानशीचं टोक धरा. दात पुढे ढकलतानाच कापतात. मागे आणताना कानस उचलून घ्या, घासत आणली तर दात लवकर बोथट होतात. फार दाबू नका. कानस लाकडाच्या रेषेला थोडी तिरपी ठेवून चालवा.

आधी चौकोनी, मग कोपरे मारून आठ बाजूंचा, मग लांबट गोल, असा आकार आणा. पूर्ण गोल करू नका. लांबट गोल दांडा हातात फिरत नाही आणि न बघताही पात्याची दिशा कळते.

नेढ्यात बसवताना घाई नको

नेढ्याच्या आतून कोळसा चोळा. दांडा घालून हलकेच ठोका आणि बाहेर काढा. जिथे काळं लागलं तिथेच लाकूड जास्त आहे. तेवढंच घासा, पुन्हा घालून बघा. आठ-दहा वेळा करावं लागतं. सगळीकडून सारखं काळं उमटलं की दांडा बरोबर बसला. नेढं खालून भरायचं असेल तर वरच्या टोकाला चीर देऊन वाळक्या लाकडाची पाचर ठोका. दांडा बारीक झाला म्हणून चिंध्या किंवा सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबू नका. ते दबतात आणि पातं पुन्हा हलतं.

कानशीचे चर काचेच्या तुकड्याने खरवडून, मग पॉलिश पेपरने काढा. शेवटी जवसाचं तेल चोळा. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळू द्या.

कानस टिकवायची तर

खिळ्यावर, लोखंडावर चालवू नका. भुसा तारेच्या ब्रशने दातांच्या ओळीनुसार झाडा. पिशवीत पक्कड-हातोड्यासोबत टाकली तर दात तुटतात, म्हणून कोरड्या फडक्यात वेगळी गुंडाळा. पहारीसारखी उचकटायला तर मुळीच वापरू नका. कडक पोलाद असतं, वाकत नाही, थेट तुटतं.

आणि दांडा नवा असो की जुना, काम सुरू करण्याआधी कुऱ्हाड उलटी धरून एकदा झटका देऊन बघा. पातं जरासुद्धा हललं तर त्या दिवशी तोडणी थांबवा. समोर आणि मागे माणूस, पोरं-बाळं नाहीत याची खात्री करूनच घाव घाला.