ट्रॅक्टर घेताय? किमतीबरोबर मेकॅनिक किती लांब तेही विचारा 🚜

कोटेशनमध्ये वीस-तीस हजारांचा फरक दिसला की मन तिकडेच धावतं. माझंही धावलं. लांबच्या शोरूममधून स्वस्तात ट्रॅक्टर आणला. जूनमध्ये वाफसा आला, पेरणी यंत्र जोडलं आणि हायड्रॉलिक लिफ्ट उचलेचना! गेलं होतं फक्त सील. ते यायला चार दिवस लागले. तोवर रान सुकायला लागलं, शेवटी भाड्याच्या ट्रॅक्टरने पेरणी उरकली. वाचवलेले पैसे तिथेच गेले.

म्हणून सही करण्याआधी एवढं बघाच:

🔹 पहिली सर्व्हिसिंग साधारण ५० तासांना येते. त्यासाठी मेकॅनिक बांधावर येतो का, की ट्रॅक्टर तालुक्याला न्यायचा?

🔹 डीलरच्या पार्ट काउंटरवर स्वतः जा. डिझेल फिल्टर, क्लच प्लेट, लिफ्टचे सील मागून बघा. ‘मागवून देतो’ हे उत्तर किती वेळा येतं ते मोजा.

🔹 त्याच मॉडेलचे दोन-तीन मालक गाठा. ऐन हंगामात डीलर फोन उचलतो का, एवढंच विचारा.

🔹 २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. कोटेशनमध्ये नीट लावलाय ना, तपासा.

🔹 लांबचं कोटेशन जवळच्या डीलरला दाखवा. भाव थोडा तरी उतरतो, नाहीतर एखादी सर्व्हिसिंग पदरात पडते.

पैसे पुन्हा कमावता येतात, गेलेला वाफसा परत येत नाही. 🌱