जेजुरीचा संसारी देव

पुण्याहून सासवडमार्गे जेजुरी साधारण ५० किलोमीटर. इथे खंडोबाची ठाणी दोन. उंच डोंगरावरचं कडेपठार हे जुनं, आणि गावाला लागून असलेल्या टेकडीवरचा गडकोट हा नंतरचा. एका भक्ताला म्हातारपणी कडेपठार चढवेना, तेव्हा देवच त्याच्यासाठी खाली उतरला, असं सांगतात. नवसाला, नेमाला कडक म्हणून ओळखला जाणारा हा देव माणसाची अडचण मात्र घरच्यासारखी जाणतो, ही श्रद्धा या कथेत आहे.

पुराणात तो शिवाचा अवतार, मार्तंडभैरव. मणी आणि मल्ल या दैत्यांचा त्याने पाडाव केला. मरताना मल्लाने आपलं नाव देवाच्या नावात मागून घेतलं, म्हणून देव मल्हारी झाला; मणीलाही गडावर जागा मिळाली. पण लोकांच्या तोंडी युद्धापेक्षा देवाचा संसार जास्त. पहिली बायको म्हाळसा, नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. त्यांचं लग्न पौष पौर्णिमेला सातारा जिल्ह्यातल्या पालीला लागलं, आणि आजही दरवर्षी तिथे ते लावतात. पुढे सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव घराबाहेर पडला, मालेगावजवळच्या चंदनपुरीला गेला आणि धनगराच्या वाड्यावर मेंढ्या राखू लागला. तिथली बाणाई ही त्याची दुसरी बायको. दोघी सवतींची भांडणं वाघ्या-मुरळी, म्हणजे देवाला वाहिलेले गायक-गायिका, रात्र-रात्र गातात. म्हाळसा देवाजवळ गाभाऱ्यात, बाणाईचं ठाणं मात्र गडाच्या वाटेवर, निम्म्यात.

या सोयरिकींमुळे वाण्यांच्या आणि धनगरांच्या घरी तो जावई ठरला. मुसलमान भक्त त्याला मल्लूखान म्हणतात. इतक्या जातीजमातींशी घरोब्याचं नातं असलेलं दैवत महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. रा. चिं. ढेरे आणि जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी खंडोबाचा माग काढताना पोथ्यांइतकंच धनगरांच्या ओव्यांकडे लक्ष दिलं, ते उगाच नव्हे.

लग्न झालं की नवरा-नवरी जेजुरीला येतात. नवरदेव नवरीला उचलून काही पायऱ्या चढतो, पुष्कळदा पाच. घरी जागरण होतं. सगळ्यात जवळून पाहावा असा विधी म्हणजे तळी भरणं. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि हळदीचा भंडारा ठेवतात. पाच पुरुष, किंवा विषम संख्येने जितके असतील तितके, ते ताम्हण भोवतीनं धरतात आणि ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत वर उचलतात. मग भंडारा कपाळी लागतो, खोबऱ्याचे तुकडे हातोहात वाटले जातात. दहा बाय दहाच्या खोलीतही हे होतं. पुजारी लागत नाही, मुहूर्त लागत नाही. गडावर सोमवती अमावस्येला पालखी कऱ्हा नदीच्या स्नानाला निघते, तेव्हा हाच भंडारा इतका उधळतात की पायऱ्या, कपडे, केस सगळं पिवळं होतं.

या भक्तीला एक दुखरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवू नये. नवसापोटी लहान मुली देवाला वाहून त्यांना मुरळी केलं जाई. देवाशी लग्न लागलं म्हणून त्यांना दुसरा संसार नाही, आणि वाट्याला बहुधा शोषणच. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला, तरी ती रीत लगेच थांबली नाही. मुरळीचं गाणं मोठ्या कलेचं आहे. त्यासाठी कुणा पोरीचं बालपण मोजायला लागू नये.

दिवाळीनंतर महिनाभराने, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत देवाचं षड्रात्र असतं. सहाव्या दिवशी चंपाषष्ठी. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं अनेक घरांत त्या दिवशी पुन्हा चुलीवर येतं. निखाऱ्यात भाजून सोललेल्या वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे आणि पातीचा कांदा, असा नैवेद्य. त्यातला एक घास कुत्र्यासाठी काढतात, कारण कुत्रा हा खंडोबाच्या घरातलाच. त्यानंतर तळी भरायची आणि मग घरच्यांची पानं वाढायची.