नानांनी इंग्रजीत लिहिलंय का?

अब्बांच्या इंतकालाला यंदा पाच वर्षे झाली. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या गावाच्या आठवणी मराठीत लिहिल्या होत्या आणि २००३ साली एका डीटीपीवाल्याकडून त्या टाइप करून घेतल्या होत्या. मूळ वही एका पावसाळ्यात भिजून गेली. उरली फक्त एक सीडी. घरातल्या सगळ्यांना त्या आठवणी वाचायला मिळाव्यात म्हणून माझ्या मुलीने सीडीतली फाइल उघडली आणि म्हणाली, "अम्मी, हे काय? नानांनी इंग्रजीत लिहिलंय का?"

पडदाभर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस. अर्थ कशालाच नाही. माझ्या पोटात गोळाच आला.

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त आकडे कळतात. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेत १९६३ साली त्यासाठी 'आस्की' नावाचे मानक ठरले. त्यात एकूण १२८ जागा. इंग्रजी मोठ्या 'ए'ला ६५ हा आकडा मिळाला. देवनागरीला किंवा उर्दूला त्यात जागाच नव्हती.

मग आपल्याकडच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. आकडे इंग्रजीचेच ठेवले आणि त्या जागी चित्र मात्र देवनागरी अक्षराचे काढले. प्रत्येकाची मांडणी वेगळी. तो फॉन्ट संगणकात असेल तर मराठी दिसते, नसेल तर खालचे इंग्रजी उघडे पडते. म्हणजे अब्बांचे शब्द हरवले नव्हते, त्यांची किल्ली हरवली होती.

जुने तंत्र म्हणजे टाकाऊ, असे मात्र समजू नका. साठी ओलांडलेले आस्की आजही ठणठणीत आहे. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी 'यूटीएफ-८' ही पद्धत आखली, तेव्हा आस्कीचे १२८ आकडे जसेच्या तसे ठेवले. आज आपण मोबाइलवर पाहतो ती बहुतेक संकेतस्थळे याच पद्धतीवर चालतात. कीबोर्डवरचा 'क्यूडब्ल्यूईआरटीवाय' हा क्रम तर १८७० च्या दशकातल्या टाइपरायटरचा आहे.

आपल्या देशातही असेच घडले. भारतीय लिप्यांसाठी १९८० च्या दशकात 'इस्की' हे मानक आणि 'इनस्क्रिप्ट' हा कीबोर्ड तयार झाला. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर मोठे काम केले. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे. 'क'ची कळ मराठीत जिथे, तिथेच गुजराती आणि बंगालीत. जगभरच्या लिप्यांना स्वतंत्र आकडे देणाऱ्या युनिकोडने देवनागरीचा क्रम इस्कीवरूनच घेतला. जुने मानक असे नव्याच्या पोटात जिवंत आहे.

उर्दूची वाट आणखी बिकट होती. नस्तालिकमध्ये अक्षरे तिरकी उतरत एकमेकांत मिसळतात, म्हणून वर्तमानपत्रेसुद्धा कातिब हाताने लिहीत. मिर्झा अहमद जमील यांच्या खुशखतावरून 'नूरी नस्तालिक' तयार झाले आणि १९८१ पासून छपाईत आले. त्यासाठी हजारो जोडआकार बनवावे लागले. पुढे १९९० च्या दशकात 'इनपेज' आले आणि आजही अनेक उर्दू छापखान्यांचे काम त्यावरच चालते. आता युनिकोडमुळे टे, डाल आणि बडी ये मोबाइलवरही सहज लिहिता येतात.

तर अब्बांची फाइल. शोधत शोधत आम्ही एका छपाईवाल्या भाईंकडे गेलो. जुन्या गिऱ्हाइकांच्या फायलींसाठी त्यांनी एक जुना संगणक चालू ठेवला होता. फॉन्ट मिळाला आणि पडद्यावर अब्बा बोलू लागले. भाईंनी मजकूर युनिकोडमध्ये बदलून दिला. त्यात काही जोडाक्षरे आणि रफार बिघडले. तीन रविवार मी जुनी प्रत मोठ्याने वाचत होते आणि मुलगी नवी दुरुस्त करत होती. एका पानावर अब्बांनी लिहिले होते, की शाळेत अक्षरे शिकल्यावर त्यांनी आपल्या अम्मीला अंगठ्याऐवजी सही करायला शिकवले. मी पंधरा वर्षांहून जास्त काळ मुलांना अक्षरे शिकवते आहे, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

तुमच्याही घरी अशी सीडी किंवा पेनड्राइव्ह असेल. या आठवड्यात ती उघडून पाहा. मजकूर नुसत्या इंग्रजी अक्षरांत दिसला तर फाइल पुसू नका. जुना संगणक आणि तो चालवणारा माणूस आहे तोवर ती युनिकोडमध्ये करून घ्या. दोन ठिकाणी जपून ठेवा आणि एक प्रत कागदावर छापा. कारण सर्वांनी मिळून मान्य केलेले मानक साठ वर्षे टिकते, पण एकट्याची किल्ली त्याच्याबरोबरच जाते.