वजनाला भाव, निगुतीला काय?

भातकुली तालुक्यात दिवाळीच्या आगेमागे पऱ्हाटी फुटते. पहिल्या वेच्याआधी शेतात सीतादही होते. पऱ्हाटीची पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवला, की बाया ओटी बांधून पात धरतात. सकाळी पुजलेल्या त्या कापसाचा संध्याकाळी एकच हिशोब होतो : कुणाचे किती किलो भरले?

पुढे हाच कापूस बाजारात जातो. व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस वर काढतो आणि ‘कचरा लय आहे’ म्हणून भाव पाडतो. शेतकरी मजुरांना बोल लावतो, मजूर मजुरीकडे बोट दाखवतात आणि शेवटी ‘आजकाल कुणाला कामाची आस्थाच नाही’ यावर सगळ्यांचं एकमत होतं. आस्थेचा हा प्रश्न विज्ञानाने मात्र जरा वेगळ्या बाजूने तपासला आहे.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले ब्रायन अँडरसन आणि त्यांचे सहकारी यांनी 2011 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर रंगीत वर्तुळं दाखवायची आणि लाल किंवा हिरवं वर्तुळ शोधून काढणाऱ्याला काही सेंट द्यायचे, असा खेळ होता. एका रंगाला बहुतेक वेळा जास्त पैसे मिळत, दुसऱ्याला कमी. नंतर पैसे बंद केले आणि रंगाशी काहीही संबंध नसलेलं काम दिलं. तरी जास्त पैशाचा रंग मध्येच दिसला, की माणसाचं लक्ष तिकडे ओढलं जाई आणि हातातलं काम मंदावे. ज्याची किंमत मिळाली ते डोळ्यांत आपोआप भरतं. काळजी घ्यायची की नाही हे मनाशी ठरवायच्या आधीच नजरेने निवड केलेली असते.

आता शेतातला हिशोब पाहू. एका बोंडात साधारण चार ग्रॅम कापूस असतो, म्हणजे किलोभर कापसाला अडीचशे बोंडं लागतात. वाळलेल्या पानाचा चुरा झटकायला, किडकी कवडी बाजूला काढायला बोंडामागे दोन सेकंद जास्त लागतात असं धरलं, तर किलोमागे आठ मिनिटांहून अधिक वेळ जातो. तीस किलो वेचणाऱ्या बाईचे त्यात चार तास मोडतात. या चार तासांची मजुरी कुणी देत नाही. उलट पानाचा चुरा कापसातच राहिला तर काट्यावर त्याचंही वजन भरतं. तीच बाई घरच्या वातीसाठी कापूस निवडायला बसली, तर त्यात काडी राहू देणार नाही. हात तेच असतात, फक्त मोजमाप बदललेलं असतं.

बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम या अर्थशास्त्रज्ञांनी 1991 साली हीच गोष्ट गणिताने मांडली. एका कामाला दोन अंगं असतील, एक सहज मोजता येणारं आणि दुसरं न येणारं, आणि मोबदला फक्त पहिल्यावर ठरत असेल, तर मेहनत पहिल्याकडे सरकते आणि दुसरं अंग उघडं पडतं. अशा कामाला नगावर किंवा वजनावर जोरदार मोबदला देण्यापेक्षा ठरलेला रोज बरा, असा त्यांचा निष्कर्ष होता. रोजाने वेग कमी होतो हे खरं. म्हणून वेग हवा की स्वच्छता, हे आधी मालकाला ठरवावं लागतं.

बाजारातही हेच चालतं. जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 सालच्या निबंधात दाखवलं, की गिऱ्हाइकाला चांगला आणि वाईट माल ओळखता येत नसेल तर तो सगळ्याला सरासरी भाव देतो. मग चांगला माल आणणाऱ्याला परवडत नाही आणि बाजारात वाईटच माल वाढतो. वऱ्हाडाने हे त्याच्या शंभर वर्षं आधी अनुभवलं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 या काळात, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर तुटून पडल्या. भाव कडाडले आणि भेसळही बोकाळली. मुंबई सरकारला 1829 नंतर पुन्हा 1863 साली कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून विलायतेत विकला जाणारा आपला कापूस आखूड धाग्याचा म्हणून तर ओळखला जाईच, पण अस्वच्छ म्हणूनही.

मोजमाप बदललं की वागणूक बदलते, याचा दाखला आजच्या खरेदी केंद्रावर मिळतो. तिथे ओलावा यंत्राने मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, बारा टक्क्यांपर्यंत कपात, त्यावर कापूस परत. आकडा डोळ्यांसमोर येतो, म्हणून शेतकरी अंगणात कापूस वाळवून मगच गाडी भरतो. कचऱ्याचा अंदाज मात्र अजून बहुतेक ठिकाणी नजरेनेच होतो, आणि नजरेशी वाद घालता येत नाही.

सगळ्यात महाग पडतो तो खताच्या पोत्याचा धागा. हे पोतं पॉलिप्रॉपिलीनचं असतं. कापूस त्यात भरला की दोन-चार धागे सुटून त्यात मिसळतात, जिनिंगमध्ये त्यांचे बारीक तुकडे होतात आणि सुतात जाऊन बसतात. कापसाचा रंग सेल्युलोजला धरतो, पॉलिप्रॉपिलीनला तो धरत नाही. त्यामुळे गडद कापडावर पांढरे ठिपके उठतात आणि ताग्याचा भाव पडतो. हे टाळण्यासाठी अनेक सूतगिरण्या गाठ फोडून कापूस हाताने निवडून घेतात, त्यासाठी पगारी माणसं बसवतात. शेतात जी निगुत फुकट मागितली जाते, तिलाच गिरणीत पगार मिळतो.

अमरावतीजवळ नांदगाव पेठ इथे पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्क उभं राहत आहे. 20 सप्टेंबर 2024 रोजी त्याची पायाभरणी झाली. भातकुलीचा कापूस आणि गिरणी यांच्यातलं अंतर आता काही मैलांचं असेल. अशा वेळी स्वच्छ कापसाचा फायदा वेचणाऱ्या बाईपर्यंत पोचवणं अवघड नाही. दव सुकल्यावर वेचणी सुरू करायची, पहिला वेचा आणि शेवटची फरदड वेगळी ठेवायची, कापूस सुती कापडातच बांधायचा आणि स्वच्छ वेच्याला किलोमागे दोन रुपये जास्त द्यायचे. बाजार समित्यांनीही ओलाव्यासारखा कचरा यंत्राने मोजून त्याचा आकडा पावतीवर लिहावा. निगुतीला भाव मिळाला की निगुत येते. ते होत नाही तोवर मजुरांच्या आस्थेवर बोलायचा अधिकार आपल्याला नाही.