रेवदंडा-कोर्लई : किल्ला पडला, बोली राहिली

सुट्टी लागली की मुले विचारतात, "या वर्षी कुठे?" खिशाचा अंदाज घेऊन आम्ही रायगड जिल्ह्यातील रेवदंडा-कोर्लईला गेलो. अलिबागहून मुरुडकडे जाणारी एस.टी. या दोन्ही गावांवरून जाते. भाकरी-चटणी बांधून घेतली तर अलिबागहून एका दिवसात सहल होते.

हा परिसर प्राचीन चौल बंदराचा. कान्हेरी लेण्यांच्या शिलालेखांत दानकर्त्यांचे गाव म्हणून येणारे 'चेमुल' ते हेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. रेवदंड्यास त्यांनी तटबंदीचे शहर वसविले. १५९४ साली खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरी किल्ला त्यांनी निजामशाहीकडून घेतला. १७४० साली दोन्ही ठाणी मराठ्यांकडे गेली. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत पडके तट आणि चर्चचा उंच मनोरा दिसतो. लोक त्याला सातखणी म्हणतात.

पण वाचकहो, खरा वारसा डोंगराच्या पायथ्याशी, कोर्लई गावात आहे. पोर्तुगीज सत्ताधारी निघून गेले. त्यांच्या आसऱ्याने राबणारी गरीब ख्रिस्ती कुटुंबे मागे राहिली. त्यांच्या घरांत आजही एक वेगळी बोली बोलतात. ते तिला 'नॉ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी! राज्य जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी शेतात खपणाऱ्या माणसांनी ती कोणत्याही शाळेवाचून, पुस्तकावाचून जपली.

आता मुले मराठी शाळेत शिकतात, कामासाठी बाहेर पडतात. शिकलेच पाहिजे, पण त्या ओघात घरची बोली मागे पडत आहे. गावंढळ म्हणून आपल्या आजीच्या बोलीला हसणारे आम्ही पाहिले आहेत. म्हणून कोर्लईची बोली कानी पडली तर हसू नका, आदराने विचारा.

आणि ती आपल्याला अगदीच परकी नाही. पाव, पगार, बादली, घमेले, मेस्त्री हे आपले रोजचे शब्द पोर्तुगीजांकडूनच आले आहेत. हे सांगताच आमची मुले परतीच्या एस.टी.त असेच आणखी शब्द शोधू लागली.

किल्ला सकाळी, उन्हाआधी चढावा. पाणी बरोबर ठेवावे. दगडांवर नावे मात्र कोरू नयेत.