पावलापावलाने पुढे

डोंबिवली पूर्वेला बाजारातून चालताना एखाद्या दुकानाची नुसती पायरी बघावी. आधी ती फुटपाथवर उतरते. पायरीचा ओटा होतो, ओट्यावर माल मांडला जातो, पावसाळ्यात वर ताडपत्री ताणली जाते आणि पुढच्या पावसाळ्याआधी ताडपत्रीच्या जागी पत्रा आलेला असतो. फुटपाथ नेमका कोणत्या दिवशी गेला, हे कुणालाच सांगता येत नाही. याला आपण अतिक्रमण म्हणतो, आणि नवल असं की ही पायरी त्या शब्दाच्या पोटातच आहे.

संस्कृतात 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे, 'अति' म्हणजे पलीकडे. हद्दीपलीकडे पडलेलं पाऊल ते अतिक्रमण. पावलामागून पाऊल पडत गेलं की क्रम लागतो. 'क्रमाक्रमाने' आलं ते तिथूनच. म्हणजे हळूहळू सरकणं या धातूच्या रक्तातच आहे! गोतावळा तरी केवढा: परिक्रमा, पराक्रम, आक्रमण, सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत. ऋग्वेदात विष्णू तीन पावलांत विश्व व्यापतो तेही याच धातूने, म्हणून तो त्रिविक्रम. उपसर्ग बदलला की तेच पाऊल वंदनीय होतं, नाहीतर त्याच्यामागे महापालिकेचं पथक लागतं.

इंग्रजीतल्या 'एन्क्रोच'ची कुळकथा निराळी. तिथे पाऊल नाही, आकडा आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'क्रोक' म्हणजे आकडा. तो अडकवून ओढून घेणं हा मूळ अर्थ. त्याच आकड्याचं धाकटं रूप 'क्रोशे', म्हणजे आपल्याकडची रुमाल विणायची क्रोशाची सुई.

रस्त्यावरचं अतिक्रमण निदान डोळ्यांना दिसतं. मला खरी धास्ती वाटते ती ठाणे खाडीच्या काठाची. कांदळवनाच्या कडेला रात्री राडारोड्याचा एक डंपर रिकामा होतो, नंतर आणखी एक. भरतीचं पाणी आत यायची वाट बुजते आणि झाडं उभ्या उभ्या वाळतात. झाडं मेली की 'इथे कांदळवन होतंच कुठे?' असं म्हणायला जागा मोकळी. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये राज्यभरातली कांदळवनांची तोड आणि त्यांच्यापासून 50 मीटरच्या आतलं बांधकाम रोखलं. 2018 च्या निकालात त्याच न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा राज्यघटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला.